थोरल्यांनी आधी बघायचं

बुरुलने वही उघडली आणि सासऱ्यांनी चहाचा वाडगा खाली ठेवला, तेव्हाच तिला कळलं की आता आपलं काही खरं नाही. सासरे कधी आवाज चढवायचे नाहीत. ते नुसते हसायचे. आणि एकदा का ते तसे मिशीतल्या मिशीत हसले, की त्या घरात मग दुसऱ्या कुणाचं काही म्हणजे काही चालायचं नाही.

झालं होतं असं, की वरची सीमा चार वर्षं बंद होती, ती उघडली. सासरे मूळचे पार वरचे, पामीरचे. पंधरा वर्षांपूर्वी खाली ओश शहरात येऊन राहिले ते राहिलेच, आणि शेवटचं वर जाऊनही आता सात वर्षं झाली होती. त्यांची भावंडं सगळी तिकडेच, त्या एका रस्त्याच्या कडेने विखुरलेली. आणि इकडे पहिली नात झाली, कुंदुझ, आठ महिन्यांची झाली, आणि तिकडच्या एकाही माणसाने तिला बघितलेलं नाही. तर जायचं हे ठरलं. कसं जायचं एवढंच ठरायचं होतं, आणि त्यासाठीच ती वही.

आता त्यांच्या घराण्याची रीत अशी, की नवं मूल पहिल्यांदा बघायचा मान सगळ्यांत थोरल्याचा. मग त्याच्याहून धाकट्याचा, मग त्याच्याहून धाकट्याचा, असं करत खाली यायचं. एकाच घरात राहणारी माणसं सोडून बाकी कुणी मधेच बघितलं तर थोरल्याचा अपमान, आणि तो अपमान म्हणजे साधा नाही, माणसं वीस-वीस वर्षं एकमेकांच्या दारात घोडा बांधत नाहीत. थोरले म्हणजे अब्दिकाली, सासऱ्यांचे मोठे भाऊ, त्र्याऐंशी वर्षांचे, उन्हाळाभर आपले याक घेऊन मुझकोलला राहणारे. त्यांच्यानंतरची बहीण मुर्गाबला. मग चुलतभाऊ ओरोझ, तो काराकुलला. आणि सगळ्यांत धाकटी सोनुन आत्या सरी-ताशला. रस्ता मात्र जवळजवळ उलटा. ओशहून निघालं की आधी सरी-ताश, मग काराकुल, मग मुझकोल, मग मुर्गाब. म्हणजे जवळची दोन्ही घरं धाकट्यांची. आणि थोरले तर सगळ्यांत उंचावर बसलेले, चार हजार दोनशे मीटरवर.

सासऱ्यांचा बेत सोपा होता. पहाटे निघायचं, सरी-ताश आणि काराकुलच्या दारांवरून तसंच पुढे जायचं, संध्याकाळपर्यंत मुझकोल. थोरल्यांनी बघितलं की मग काय, मुर्गाब करून परत येताना हव्या त्या घरी हवे तितके दिवस राहा.

बुरुल उझगेनची. भातशेतीतली मुलगी, डोंगर तिने लांबून बघितलेला. तिला तुतेकची भीती होती. उंचावर हवा विरळ होते आणि माणसाला लागते, ती तुतेक. वरची माणसं तिच्याबद्दल ती जिवंत असल्यासारखी बोलतात, याला तुतेकने धरलं, त्याला सोडलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बुरुलला बसवून सांगितलं होतं, तान्ह्या मुलाला एका दिवसात एवढ्या वर नेऊ नको, वाटेत रात्री काढ, आणि ओठ बघ, नखं बघ, दूध पिते का बघ. निळं दिसलं की मागे फिर, कुणाच्या परवानगीची वाट बघू नको. आणि कपाटातून एक जुनी प्राणवायूची रबरी उशी काढून, भरून दिली होती, नळी लावलेली. दहा-पंधरा मिनिटं पुरते म्हणाल्या. हे ऐकल्यापासून बुरुलला घास गोड लागत नव्हता. पाळण्यात कुंदुझ जरा जास्त वेळ गप्प राहिली तरी ती धावत जाऊन बोट तिच्या नाकाखाली धरायची.

तर तिने वहीत प्रत्येक गावापुढे लाल शाईने उंची लिहून आणली होती. सरी-ताशला एक रात्र, काराकुलला दोन, मग मुझकोल. सासऱ्यांनी ते वाचलं, हसले, आणि नातीच्या गालाला बोट लावून म्हणाले, "केलिन, तुतेक तुझ्या माहेरच्या भाताला लागत असेल. हे रक्त वरचं आहे. हिला तिथे पोचल्यावर उलट बरं वाटेल."

केलिन म्हणजे सून, आणि सुनेने उलट बोलायचं नसतं. तिने मेदेतकडे बघितलं. मेदेत तिचा नवरा, गाडी तोच चालवणार, आणि तो त्या वेळी इतकं मन लावून जर्दाळू सोलत होता की जणू जर्दाळूची परीक्षाच आहे.

मग बुरुलला सुचलं. ती हळूच म्हणाली, बघू द्यायचं नाही ना, मग चेहरा झाकून नेऊ या. पातळ पांढरं कापड टाकते. सरी-ताशला आत्यांकडे रात्र काढू, पण चेहरा कुणाला दिसणार नाही, मान थोरल्यांचाच राहील. सासऱ्यांनी खाली ठेवलेला वाडगा पुन्हा उचलला. मग म्हणाले, एक रात्र. दोन नाही, तीन नाही, एक.

दुसऱ्या दिवशी मेदेत अंगणात गाडीखाली शिरलेला असताना बुरुल वही घेऊन त्याच्याजवळ बसली. वहीत तिने रस्ता काढला होता, चढउतारासारखी एक वाकडीतिकडी रेघ. त्यात तिला एक गोष्ट दिसली होती आणि ती बरोबर आहे का ते विचारायचं होतं. काराकुलला काही झालं तर खाली कुठून उतरायचं?

मेदेत गाडीखालून बाहेर आला. हात पुसत विचार करत राहिला. सरी-ताशकडे यायचं तर मधे किझिल-आर्टची खिंड, काराकुलहून उंच. मुर्गाबकडे जायचं तर मधे अक-बैताल, ती तर त्याहून उंच.

"तिथून उतार नाही गं," तो म्हणाला. "तिथून दोन्हीकडे चढच आहे."

तिने काराकुलखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या रेघेला कागद फाटला.

निघाले ते एका सोमवारी. सरी-ताश दुपारी आलं, वारा असा की दार उघडलं की गाडी हलायची. सोनुन आत्या अंगणात उभीच होती, धावत आली आणि कापड बघून थबकली. मग खाली बसून तिने कुंदुझच्या पायांचेच मुके घेतले. म्हणाली, पाय तरी माझ्या भावासारखे नाहीत, देवाची कृपा. सगळे हसले, सासरेही हसले आणि त्यांना खोकला आला. धूळ, म्हणाले.

बुरुलचं लक्ष कुंदुझवर. कापडाचा फायदा तिला कळला होता, तोटा आता कळायला लागला. ओठ बघ म्हणून सांगितलंय आणि ओठच झाकलेले. मग ती सारखं पाठ फिरवून, कोपऱ्यात जाऊन, कापडाचं टोक उचलून बघायची. गुलाबी. पुन्हा बघायची. गुलाबीच. आत्या म्हणाली, अगं उजेडात बघू नको इतकं, विटेल पोरगी. सकाळी आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली, चुलीपाशी, बोलता बोलता. भाऊ रात्री आडवा झालाच नाही, उशीला टेकून बसूनच होता, आनंदाने झोप लागली नसेल. बुरुलने ऐकलं आणि मान हलवली. तेव्हा ती कुंदुझ दूध किती प्यायली ते मनात मोजत होती.

किझिल-आर्टच्या चढाला लागल्यावर बुरुलने उशी मांडीवर घेतली. लाल माती, वळणांवर वळणं. कुंदुझ गप्प होती. बुरुलने कापड उचललं, तर मुलगी टक्क जागी, डोळे मोठे करून तिच्याचकडे बघत होती. पुढच्या सीटवर सासरे बसलेले. सुरुवातीला बोलत होते, इथे आमचा घोडा पडला होता, इथे मी पंधरा वर्षांचा असताना बर्फात अडकलो होतो, आणि मग हळूहळू बोलायचे थांबले. खोकत होते. मेदेतने विचारलं तर म्हणाले, गाडी चालव. बुरुलला वाटलं, भावाला भेटायचं म्हणून मन भरून आलं असेल. म्हातारं माणूस आहे, आणि सात वर्षांनी येतंय.

सीमेवर शिक्के मारले, पुन्हा पुढे. उतार लागला तसं तिला जरा बरं वाटलं आणि लगेच आठवलं की हा उतार खोटा आहे, हा काराकुलपर्यंतच आहे.

काराकुलला तळं निळंगर्द पसरलेलं होतं. ओरोझचं घर रस्त्यालगत. आत जायचं नाही, दारात चहा घ्यायचा आणि निघायचं, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. ओरोझला सगळं माहीत होतं. सत्तरीला टेकलेला बाप्या, चहाचा वाडगा हातात घेऊन, घराच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची बायकोही तशीच. भिंतीशी बोलल्यासारखा तो विचारत होता, प्रवास कसा झाला, मूल कसं आहे, रडत नाही ना. मेदेतला हसू आवरेना. बुरुलही हसणार होती.

सासरे गाडीतून उतरले. दोन पावलं टाकली ती वाकडी पडली, प्यायलेल्या माणसासारखी, आणि त्यांनी दाराला धरलं. तेवढ्यात वारा आला आणि कुंदुझच्या तोंडावरचं कापड उडायला लागलं. ते दाबून धरायला सासऱ्यांनी हात पुढे केला. तो हात बुरुलच्या डोळ्यांसमोर, पांढऱ्या कापडावर येऊन थांबला, आणि त्या हाताची नखं निळी होती.

ती नखं बघतच राहिली. मग वर बघितलं. ओठ, मिशीखालचे, राखेसारखे. आणि आता तिला ऐकूही येत होतं, इतका वेळ गाडीच्या आवाजात न ऐकू आलेलं. त्यांच्या छातीत चहाचं पाणी उकळावं तसा बुडबुड आवाज होत होता, प्रत्येक श्वासाला. दोन दिवस ती एकाच चेहऱ्याकडे बघत होती. आणि तो पुढच्या सीटवर बसलेला माणूस, वरच्या रक्ताचा, पंधरा वर्षं खालची हवा खाऊन खालचाच झाला होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं.

"अताके," ती सासऱ्यांना म्हणाली, "तुम्हाला धरलंय."

त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. लहान मुलं लपवतात तसा. मग हसायचा प्रयत्न केला आणि त्याऐवजी खोकले, आणि रुमालावर गुलाबी फेस आला. रुमालही खिशात गेला. म्हणाले, दोन तासांवर मुझकोल. अके, माझा थोरला, वाट बघतोय. सात वर्षं झाली, त्याचं वय त्र्याऐंशी. आज गेलो नाही तर कोण कधी जाणार.

मुझकोल आणखी वर. आणि तिथून पुढे अक-बैताल. बुरुलच्या डोळ्यांसमोर ती वहीतली रेघ आली, दोन रेघांनी फाटलेला कागद. मागे फिरलं तरी खिंड चढायचीच होती, पण एकदाच, आणि तिच्या पलीकडे खरा उतार होता.

तिने मेदेतला सांगितलं, गाडी फिरव. मेदेतने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, पुढे. मेदेतचे हात चाकावर, गाडी चालू, आणि तो हलेना. त्याचा चेहरा असा, की जणू त्याला कुणीतरी दोन्ही बाजूंनी ओढतंय. ओरोझ भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, अरे काय झालं, कुणीतरी सांगा. पण वळला नाही. मूल उघडं असलं तर?

आता ती जे करणार होती ते केल्यावर त्या घरात आपल्याशी कुणी कधी बोलेल का, हेही बुरुलच्या मनात येऊन गेलं. आणि तिने कापड ओढून काढलं.

"ओरोझ अके, इकडे बघा," ती म्हणाली. "वळा. बघा हिला."

ओरोझ वळला. बघितलं. त्याच्या बायकोने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. कुंदुझ उन्हात डोळे मिचकावत होती, गाल लालबुंद, ओठ गुलाबी, इतक्या उंचीवर तिच्याइतकं ठणठणीत कुणीच नव्हतं.

"बघितलं सगळ्यांनी," बुरुल सासऱ्यांना म्हणाली. "मान गेला. आता पुढे घेऊन जायला काही उरलं नाही. दोष माझा, तुमचा नाही. गाडीत बसा."

सासऱ्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की तो क्षण तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. मग त्यांचे गुडघेच वाकले, आणि मेदेत उडी मारून खाली उतरला.

ओरोझ मुझकोलला थोरल्यांना सांगायला निघाला, आणि यांची गाडी मागे वळली. पुढची सीट पूर्ण मागे पाडून सासरे त्यावर अर्धवट बसलेले. मागे बुरुल, एका हातात कुंदुझ, दुसऱ्या हाताने नळी सासऱ्यांच्या तोंडाशी धरलेली. उशी लगेच उघडायची नाही, चढावर उघडायची, असं तिने ठरवलं, आणि हे ठरवणंच तिला सगळ्यांत भयंकर वाटलं. समोर माणूस घुसमटतोय आणि हवा आपल्या मांडीवर आहे आणि आपण ती देत नाही. ती त्यांचे श्वास मोजत होती. दहा मोजायची, पुन्हा एकपासून. मधे एकदा श्वास आलाच नाही, सहावर ती थांबली, सात येईना, मेदेतला हाक मारायला तोंड उघडलं, आणि सात आला.

खिंडीच्या पहिल्या वळणावर तिने उशीच्या नळीची चावी फिरवली. उशी फुसफुसायला लागली. सासऱ्यांनी डोळे उघडले, मेदेतला भलत्याच नावाने हाक मारली आणि विचारलं, घोडे बांधले का. मेदेत म्हणाला, बांधले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता, कारण रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती.

सीमेच्या दांड्यापाशी पोचले तेव्हा उशी पोळीसारखी चपटी झालेली. शिपाई पासपोर्ट उलटेसुलटे करत राहिला. दोन तासांपूर्वी आत आलात आणि आता बाहेर कशाला, सामान उतरवा. मेदेत समजावत होता, शिपाई ऐकत नव्हता. बुरुल मुलीला घेऊन उतरली, शिपायाच्या अंगातल्या कोटाची बाही धरली, हो, धरलीच, आणि त्याला ओढत गाडीच्या खिडकीशी आणलं आणि सासऱ्यांचा हात उचलून त्याच्यापुढे धरला. पोरगेला होता तो, कुठल्यातरी खालच्या गावचा. त्याने नखं बघितली. धावत जाऊन दांडा वर केला आणि शिक्के धावत्या गाडीच्या खिडकीतून आत टाकावेत तसे मारून दिले.

मग उतार. खरा उतार. तिने पुन्हा मोजायला सुरुवात केली होती आणि ती सरी-ताशच्या दवाखान्यापर्यंत मोजतच होती. तिथे मोठी लोखंडी टाकी होती प्राणवायूची. ती लावल्यावर डॉक्टर म्हणाले, वाचतील बहुतेक. त्या बहुतेकवर ती रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्याच्या गाडीतून, नळी लावलेलीच ठेवून, खाली गुलचाला नेलं.

गुलचाला पाचव्या दिवशी सासरे उशीला टेकून सूप प्यायला लागले. बुरुलशी बोलत नव्हते. ती वाडगा द्यायची, ते घ्यायचे, रिकामा परत द्यायचे, नजर खिडकीबाहेर. मेदेत म्हणायचा, येईल राग खाली. तिला त्या रागाचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण ते झोपले की ती दाराशी उभी राहून ऐकायची, आणि छातीतला तो बुडबुड आवाज नाही ना, याची खात्री झाल्यावरच आत जायची.

त्याच दुपारी बाहेर एक ट्रक थांबला. ओरोझने हात धरून एका उंच, वाळलेल्या म्हाताऱ्याला उतरवलं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगाला याकचा वास. अब्दिकाली. वीस वर्षांत ते इतक्या खाली आले नव्हते. दारातच थांबून त्यांनी तक्रार केली, की इथली हवा सुपासारखी घट्ट आहे, माणसं ती गिळतात कशी. आणि मग पलंगाशी जाऊन बसले आणि धाकट्या भावाचा हात हातात घेतला. नखं उलटीसुलटी करून बघितली. बराच वेळ.

बुरुल मुलीला घेऊन भिंतीशी उभी होती. पळून जावंसं वाटत होतं.

थोरल्यांनी मान वळवली. मुलीकडे बघितलंच नाही, मुद्दाम बुरुलच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "केलिन, ते कापड कुठाय?"

तिने खिशातून काढलं. चुरगळलेलं, एका कोपऱ्याला काराकुलची धूळ.

"टाक."

तिने कुंदुझच्या तोंडावर कापड टाकलं. थोरले उठून आले, दोन बोटांनी एक टोक धरलं आणि सावकाश उचललं, आत झोपलेलं कुणी जागं होऊ नये अशा बेताने. कुंदुझने त्यांची दाढी धरली.

"मी आधी बघितली," थोरले म्हणाले. मग ओरोझकडे वळून म्हणाले, "तू भिंत बघितलीस. आठवतं ना?"

ओरोझ म्हणाला, आठवतं, अके, चांगली भिंत आहे.

पलंगावरून खोकल्याचा आवाज आला आणि बुरुल दचकून वळली, पाय आधीच तिकडे निघालेले. पण सासरे खोकत नव्हते. हसत होते. मिशीतल्या मिशीत. तरी ती त्यांच्याजवळ गेलीच, आणि हात पुढे केला, आणि त्यांनी न सांगता आपली नखं तिला बघायला दिली.